झोल नावाची वाट

अल्माटी, २२ सप्टेंबर

प्रिय दाउरेन,

दर वेळी तुला लिहिताना मी 'ऐनालायिन' म्हणून सुरुवात करते. म्हणजे तुझ्यावरून ओवाळून टाकते मी स्वतःला, तुझी इडापिडा मला लागो. अकरा वर्षांत एकदाही चुकले नाही. आज तो शब्द लिहिणार नाही. आज तुझी इडापिडा तुझी तूच ठेव. हे पत्र मुद्दाम हाताने लिहितेय, कारण मोबाइलवर लिहिलं असतं तर तू जर्मनीतल्या कुठल्या तरी सभेत बसल्या बसल्या अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा झाला असतास. कागदाला अंगठा दाखवता येत नाही. तो उघडायला हात लागतात, फाडायलाही हात लागतात, आणि मला हातांबद्दलच बोलायचं आहे.

गेल्या सोमवारी तुझा अभिप्राय आला. डीनच्या सेक्रेटरीने तो छापून, सगळ्यांसमोर, कॉरिडॉरमध्ये अनेलच्या हातात दिला. अनेल म्हणजे तीच, जिचा परदेशी मार्गदर्शक म्हणून गेली चार वर्षं तुझं नाव कागदावर आहे. महिन्यातून एकदा वीस मिनिटं तू तिला पडद्यावर दिसतोस, त्यातली दहा मिनिटं आवाज येत नाही. तू लिहिलंस, 'उमेदवाराच्या प्लास्टिक-फिल्ममध्ये वाहक वाटा आढळत नाहीत. दोष पद्धतीत नसून हातांत आहे. नमुने बनवण्याची स्वच्छता आणि शिस्त उमेदवाराकडे नाही. या स्थितीत मी शिफारस करू शकत नाही.' तुझ्या शिफारशीवाचून मंडळ चौदा ऑक्टोबरला तिचा प्रबंध ऐकून घेणार नाही, आणि ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपते. म्हणजे चार वर्षं मातीत. तुला हे माहीत नाही असं म्हणू नकोस. तू त्याच मंडळासमोर, त्याच हिरव्या टेबलापाशी उभा राहिला होतास, आणि तुझा टाय मी बांधला होता.

ती मुलगी कझालीची आहे. बाप रेल्वेच्या डब्यांची दुरुस्ती करतो, आई दर महिन्याला फडक्याच्या पिशवीतून कुर्त पाठवते, वाळवलेलं दही, इतकं खारट आणि इतकं टणक की माझ्या कवळीला ते झेपत नाही. हॉस्टेलच्या खोलीत तिने पलंगाच्या वर तुझं ते प्रसिद्ध चित्र चिकटवलं होतं, काळ्या जमिनीवर पांढऱ्या वाटा. दोन वर्षांत तिने त्रेसष्ट फिल्म बनवल्या. त्रेसष्ट! तू सगळ्या मिळून एकोणीस बनवल्या होत्यास, मी मोजल्या आहेत.  तुझा अभिप्राय वाचून तिने नखं मुळापर्यंत कापली आणि काचा आम्लात धुवायला बसली. दोन दिवस धुतच होती. बुधवारी मी तिचे हातमोजे काढायला लावले, तर बोटांची टोकं उकडलेल्या बटाट्यासारखी सोललेली. मी ओरडले, "अगं, हे काय करून घेतलंस?" तर म्हणते, "आपाय, खोट माझ्या हातातच असणार. दाउरेन आगाय एवढे मोठे, ते उगीच कशाला लिहितील?" मी तिची आपाय, थोरली ताई, आणि तू आगाय, गुरुजी. मी तिच्या बोटांना लोणी लावलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दोन हजार कोसांवर खुर्चीत बसून तू एका पोरीच्या हातांची पारख केलीस. तुझे हात कसे होते, सांगू? ताराझहून आलास तेव्हा पहिल्या महिन्यात तू यंत्राच्या अकरा सुया मोडल्यास. एक सुई यायला तेव्हा तीन-तीन महिने लागायचे. काबिदेन आगाय विभागप्रमुख होते, माणूस देवासारखा पण सुईवरून भडकायचे. म्हणाले, "शोल्पान, ह्या रेड्याला बाटल्या धुवायला पाठव, नाहीतर मी ह्यालाच सुईवर बसवीन." प्रयोगशाळेतलं यंत्र मी सांभाळायचे, म्हणून मध्ये पडले. म्हटलं, आगाय, ह्याला मी शिकवते. सहा आठवडे तुला मी शिवणाच्या सुईत दोरा ओवायला बसवलं, श्वास रोखून, शंभर-शंभर वेळा. सगळे हसायचे, "आपायने शिंपी ठेवलाय" म्हणायचे. सातव्या आठवड्यात तू यंत्राची सुई फिल्मवर अशी उतरवलीस की आवाजसुद्धा झाला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तू पाहिलंही होतंस.

आठवतंय ना सगळं? की तिकडे आता पोरंच सगळं करतात आणि तू फक्त सही करतोस? काचेवर वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा पापुद्रा, फिकट निळा, डोळ्यांना धड दिसूही नये इतका पातळ. त्यावर प्लॅटिनम चढवलेली सुई टेकते, किंचित प्रवाह जातो, आकडा घेते, पुढे सरकते. एक ओळ झाली की खालची ओळ. अशा पाचशे ओळी, वरून खाली, अठरा मिनिटं. जिथे वीज बरी वाहते तिथे पडद्यावर पांढरं, जिथे अडते तिथे काळं. यंत्राखाली तो ग्रॅनाइटचा दगड, छताला रबरी पट्ट्यांनी टांगलेला, ट्रॉलीबसचे हादरे पोचू नयेत म्हणून. कबरीचे दगड घडवणाऱ्या म्हाताऱ्याकडून आगायनी तो फुकट आणला होता, कारण नाव कोरताना त्याच्याकडून एक अक्षर चुकलं होतं. चुकलेलं नाव खाली तोंड करून ठेवलं, की झाला दगड कामाचा.

आणि आपला नियम. सुई चालू असताना खोलीत कुणी उठायचं नाही, चालायचं नाही, दार उघडायचं नाही. मग अठरा मिनिटं माणसांनी करायचं काय? बसायचं आणि चहा प्यायचा. जगातल्या दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत असा नियम असेल असं मला वाटत नाही. सुई टेकली की आगाय म्हणायचे, "शोल्पान, किटली!" हात लांब केला की बटण, एवढ्या जवळ ती किटली. विजेचा दाब सांभाळणारी पेटी त्याच टेबलावर, आणि धड चालणारं एकमेव सॉकेट त्या पेटीवर, म्हणून किटली यंत्रापासून दोन वितींवर. तुझा निळ्या कडेचा केसे, तो चहाचा वाडगा, अजून माझ्याकडे आहे. रीतीप्रमाणे तो मी कधी अर्ध्याच्या वर भरला नाही. थोडा ओतायचा, संपला की पुन्हा थोडा, म्हणजे माणूस बसून राहतो. तू एकेका बैठकीत आठ-आठ वेळा केसे पुढे करायचास.

आणखी एक नियम मी तुला पहिल्याच वर्षी शिकवला होता, तो तू कुठल्याच भाषणात सांगत नाहीस. मी तुझी पाच भाषणं इंटरनेटवर पाहिली, म्हणून म्हणते. सुई वरून खाली सरकते तेव्हा वेळही सरकत असते. पहिली ओळ अकरा वाजताची, शेवटची अकरा अठराची. चित्रातलं पांढरं हे त्या जागेचं की त्या वेळेचं, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. म्हणून फिल्म चिमट्याने उचलायची, पाव वळण फिरवायची, पुन्हा सुई चालवायची. जे खरं असेल ते फिल्मबरोबर वळेल. जे वळलं नाही ते फिल्मचं नव्हे, आपलं. तू वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहून ठेवलं होतंस, 'वळवून बघ.' ती वही माझ्या कपाटात आहे.

फेब्रुवारीत पहिली वाट दिसली. बाहेर उणे अठरा, आत हीटर इतके तापलेले की हवा भाकरीसारखी कोरडी, केसांना कंगवा लावला की ठिणग्या. पडद्यावर काळ्या जमिनीत एक पांढरा पट्टा उगवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ. दुपारी दुसऱ्या फिल्मवर दुसरा. चार वाजता तिसरा. तीन चित्रं, तिन्हींत पट्टे, आणि प्रवाह चाळीसपट. आगाय टोपी काढून पडद्यासमोर उभे राहिले. त्या वसंतात आपली खोली बंद करून तिथे संगणकाचे वर्ग भरवायचे असं वरून ठरलं होतं, सहीच काय ती राहिली होती. म्हणाले, "पोरा, स्टेपच्या माळावर बर्फ वितळल्यावर जुन्या काफिल्यांच्या वाटा अशाच दिसतात." आणि तू तिथल्या तिथे नाव ठेवलंस, झोल. आपल्या भाषेतला साधासुधा शब्द, वाट. आज जपानपासून अमेरिकेपर्यंत माणसं आपल्या जिभा वाकड्या करून 'झोल' म्हणतात. आगाय गेले तेव्हा त्यांच्या दगडावर त्यांच्या मुलांनी चंद्रकोरीखाली तीन आडव्या रेघा कोरून घेतल्या. तू मातीला आला नाहीस, तुझी परिषद होती, म्हणून तुला माहीत नसेल.

त्या जूनमध्ये ते जर्मन प्राध्यापक आले. तू इतका घाबरला होतास की पाहुण्याचा केसे काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवलास. आगायचा चेहरा लालबुंद. कझाखमध्ये कुजबुजले, "अरे गाढवा, पाहुण्याला हाकलतोयस का? भरून दिला म्हणजे पी आणि ऊठ!" पाहुण्याला काही कळलं नाही, त्याने चवीने प्यायला आणि निघताना तुला बरोबर घेऊन गेला. आपण हसून हसून बेजार. निरोपाच्या जेवणात मेंढीचं डोकं पाहुण्यापुढे ठेवलं, आणि आगायनी कान कापून तुला दिला, लहानांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून देतात तसा. कान तू मटकावलास. ऐकणं मात्र ताटातच ठेवून गेलास.

मग काय, तुझी गाडी सुसाट. ज्यांना तुझ्या वाटा सापडल्या नाहीत, त्यांना तू काय सांगायचास ते मी कानांनी ऐकलंय. "ही फिल्म हाताने जमावी लागते. माझ्या हातांना ते आजीकडून आलं, ती बाउर्साकचं पीठ मळायची, मी शेजारी बसून बघायचो." लोक टाळ्या वाजवतात. अरे, तुझी आजी ताराझच्या साखर कारखान्यात टायपिस्ट होती! ते तळलेले बाउर्साक ती शेजारणीकडून आणायची, तूच सांगितलं होतंस मला. चार देशांतल्या पोरांनी तुझ्या त्या पिठाच्या गोष्टीपायी स्वतःच्या हातांना दोष दिला असेल. मी तेव्हा तो व्हिडिओ बंद केला आणि भांडी घासायला उठले. त्यांचे चेहरे मला दिसत नव्हते ना, म्हणून सोपं होतं. आता एकीचे हात दिसले.

दोन वर्षांपूर्वी आगीच्या तपासणीला नवा माणूस आला. त्याने टेबलावरची किटली पाहून असा काही आरडाओरडा केला की जणू मी बॉम्बच उकळत ठेवलाय. किटली गेली कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी. नेमकी त्याच महिन्यात अनेलने पहिली फिल्म बनवली. तिच्या फिल्म सुंदर असतात, दाउरेन. तुझ्याहून एकसारख्या. पण वाटा नाहीत. एकीतही नाहीत. ती बिचारी वही घेऊन माझ्यासमोर बसायची. "आपाय, तेव्हा काच कुठली होती? पाणी कुठलं? हीटर किती? खिडकी उघडी की बंद? काही म्हणजे काही वेगळं होतं का हो?" मी तिला काच सांगितली, पाणी सांगितलं, हीटर सांगितला, आगाय सिगारेट कुठे ओढायचे तेसुद्धा सांगितलं. तिने एकेक करून सगळं करून पाहिलं. एकदा तर शेजारच्या खोलीतल्या माणसाला विनवून खिडकीपाशी सिगारेट ओढायला लावली, आणि तो दम्याचा पेशंट.

शुक्रवारी मी कॉरिडॉरमधून किटली उचलून आणली आणि जुन्या जागी ठेवली. अनेल घाबरली, "आपाय, तो तपासणीवाला आला तर?" मी म्हटलं, "येऊ दे, त्यालाही पाजते. तू सुई टेकव आणि गप बस." सहाव्या मिनिटाला बटण दाबलं. दहाव्या मिनिटाला वाफ आली. आणि पडद्यावर, काळ्यात, तुझी ती झोल उगवली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ, पांढरी. तिच्या पलंगावरच्या चित्रात आहे तशीच. पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटतं, तशी ती फिल्म वाफ पिते. सुईच्या टोकाशी ओल जमते, प्रवाह चढतो. वाफ विरली की पुन्हा काळं. बाकी काही नाही. जग जिला वाट म्हणतं, ती आपली चहाची वेळ आहे.

तिने आनंदाने उडी मारली नाही. ती उठली, सुई थांबवली, सोललेल्या बोटांनी चिमटा धरला, फिल्म पाव वळण फिरवली आणि म्हणाली, "आपाय, पुन्हा उकळा." मी तिला वळवायला सांगितलं नव्हतं. मी पुन्हा उकळलं. पट्टा वळला नाही, होता तसाच आडवा आला. मग तिने किटली बंद करून तिसऱ्यांदा सुई चालवली. सगळं काळं, शांत, एकसारखं. तेव्हा कुठे ती खाली बसली. ह्याला म्हणतात हात, दाउरेन. तू ज्यांच्यावर दोन ओळींत शाई ओतलीस ते हे हात. थोड्या वेळाने तिने मान वर करून मला विचारलं, "दाउरेन आगायना हे माहीत होतं?" मी लगेच म्हणाले, "छे गं, त्याला कसं माहीत असेल!" किती पटकन म्हणाले मी. ती मान हलवून म्हणाली, "हो, बरोबर. माहीत असतं तर माझ्या हातांबद्दल असं लिहिलं नसतं." आणि ती मला केसे विसळायला मदत करू लागली.

तेव्हापासून तीन दिवस माझी जीभ जळतेय. आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. अकरा वर्षांपूर्वी, वाटांवरचा लेख मासिकाला पाठवायच्या आधीच्या गुरुवारी, मी केसे विसळून आत आले तेव्हा तू यंत्रापाशी एकटा होतास. किटलीची वायर काढलेली होती. तुझ्या हातात चिमटा होता. पडद्यावर तीन चित्रं शेजारी शेजारी होती. एक सरळ, एक वळवलेलं, एक किटलीशिवायचं. पट्टा वळला नव्हता, आणि तिसऱ्यात तो नव्हताच. तू छापलेला कागद चुरगळून टोपलीत टाकलास, किटलीची वायर पुन्हा लावलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "आपाय, चहा टाका ना." मी टाकला. मला सगळं कळलं होतं, तुला ते कळलंय हेही मला कळलं होतं. मला तुझं जाणं दिसत होतं, आगायचा चेहरा दिसत होता, माझी खोली बंद होण्यापासून वाचताना दिसत होती. मी मूग गिळले आणि तुझा केसे अर्धा भरून तुझ्या हातात दिला. म्हणजे बस, राहा, माझं काही म्हणणं नाही. तू खोटं लिहिलंस आणि मी त्यावर चहा ओतला, म्हणून अर्धा राग माझा माझ्यावरच आहे, तोही तू वाचून घे. पण टोपलीतला तो कागद मी उचलला होता. तो चहाच्या डब्याच्या तळाशी अकरा वर्षं आहे, आणि त्यावर तुझ्या हाताने तारीख आहे. त्याची प्रत सोबत ठेवली आहे. चौदा ऑक्टोबरला मी मूळ कागद घेऊन त्या हिरव्या टेबलापाशी उभी राहीन, शुक्रवारची तीन चित्रं शेजारी ठेवीन, आणि तुझं नाव, आगायचं नाव, माझं नाव, तिन्ही घेईन. आगायच्या दगडावरच्या रेघांचं काय करायचं ते त्यांची मुलं ठरवतील. नोव्हेंबरात मी निवृत्त होतेय. निरोपाचं जेवण कुणी देणार नाही, नको देऊ देत. पण घरच्या माणसाची चूक पाहुण्यांसमोर काढण्याआधी घरात सांगावी, एवढी रीत मी पाळते. त्याआधी तू स्वतः लिही, मंडळाला आणि मासिकाला, दोघांनाही. वाट नव्हती म्हणून लिही. आणि अनेलला वेगळं लिही, तिच्या हातांत खोट नाही एवढंच. आज सकाळी मी तुझा निळ्या कडेचा केसे पुसून टेबलावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा काठोकाठ भरला. तुझं पत्र आलं तर तो ओतून टाकीन आणि अर्धा भरून ठेवीन. नाही आलं, तर त्या भरलेल्या केसेचा अर्थ मी तुला समजावून सांगायची गरज नाही.

एवढं सगळं होऊनही तुझीच,
शोल्पान आपाय